ग्लुकोसाइडचं ग्लायकोसाइड कसं झालं

अख्खी मोहरी नाकाशी धरली तर वास जवळजवळ नाहीच. तीच पाणी घालून फेसली की झिणझिण्या थेट डोक्यात. मोहरीत सिनिग्रिन नावाचा पदार्थ असतो आणि त्याला तोडणारं विकर (एन्झाइम) त्याच दाण्यात, पण वेगळं ठेवलेलं असतं. दाणा फुटून पाणी लागलं की दोघांची गाठ पडते. त्यातून झणझणीत तेल सुटतं आणि मागे ग्लुकोज उरतं. फोडणीत विकर तेलाच्या उष्णतेने मरतं, म्हणून तडतडलेली मोहरी नाकात जात नाही.

साखर आणि बिगरसाखर भाग अशी ही जोडी म्हणजे ग्लायकोसाइड. या कुळाची ओळख पटली ती कडू बदामावरून. रोबिके आणि बुत्रों-शार्लार या फ्रेंच रसायनज्ञांनी 1830 मध्ये त्यातून अमिग्डालिन वेगळं काढलं. 1837 मध्ये लीबिग आणि व्होलर या जर्मन रसायनज्ञांनी दाखवलं की बदामातलंच इमल्सिन हे विकर लावलं तर त्यातून साखर, बदामाच्या वासाचं तेल आणि हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे विष, अशा तिन्ही गोष्टी निघतात. पुढच्याच वर्षी पिरिया या इटालियन रसायनज्ञांनी विलो झाडाच्या सालीतलं सॅलिसिन फोडलं. तिथेही साखर सापडली. गोड द्राक्षरसाच्या ग्रीक शब्दावरून ‘ग्लुकोज’ हे नावही त्याच 1838 सालचं. मग असले सगळेच पदार्थ ‘ग्लुकोसाइड’ म्हणवले जाऊ लागले.

घोळ इथेच झाला. साखर दर वेळी ग्लुकोज नसते. विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी 1785 मध्ये मुख्यतः जलोदराच्या, म्हणजे अंगात पाणी साठून येणाऱ्या सुजेच्या, संदर्भात ज्या फॉक्सग्लोव्ह वनस्पतीवर लिहिलं, तिच्यातल्या डिजिटॉक्सिनमधून डिजिटॉक्सोज ही वेगळीच साखर निघते. (आपल्याकडची बिट्टी, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचं फळ, याच हृदयावर काम करणाऱ्या गटातल्या द्रव्यांमुळे जीवघेणं ठरतं.) त्यामुळे कोणत्याही साखरेसाठी ‘ग्लायकोसाइड’ हा व्यापक शब्द रुळला आणि ‘ग्लुकोसाइड’ फक्त ग्लुकोजवाल्यांपुरता उरला. जुन्या पुस्तकांत मात्र ‘ग्लुकोसाइड’ दिसलं की साखर कोणती ते तपासूनच पुढे जावं.

जोड नेमका कुठे असतो, याचा उलगडा जर्मन रसायनज्ञ एमिल फिशर यांच्या कामाने झाला. 1893 मध्ये त्यांनी ग्लुकोज, मिथेनॉल आणि हायड्रोजन क्लोराइड यांपासून मिथिल ग्लुकोसाइड बनवलं. साखरेच्या वलयातला पहिला कार्बन असा अडकला की तिचा क्षपणकारक (रिड्यूसिंग) गुण जातो: अशी साखर ओळखायचं बेनेडिक्टचं द्रावण निळंच राहतं. आम्लात उकळून जोड तोडला की विटकरी साका. मिथिल ग्लुकोसाइडच्या अल्फा आणि बीटा रूपांपैकी इमल्सिन फक्त बीटा तोडतं आणि यीस्टमधलं विकर फक्त अल्फा, हे पाहूनच 1894 मध्ये त्यांनी विकर आणि ते तोडतं तो पदार्थ या जोडीला कुलूप-किल्लीची उपमा दिली. मला तरी हा या साऱ्या कथेतला सर्वांत देखणा टप्पा वाटतो.

विसाव्या शतकात शब्द आणखी ताणला गेला. 1943 मध्ये सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक अमिनोग्लायकोसाइड गटात गेलं. नेहमीच्या ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन किंवा कार्बनमधून जोडलेल्यांनाही ‘एन-ग्लायकोसाइड’, ‘सी-ग्लायकोसाइड’ म्हणायची पद्धत पडली. रसायनांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेला ही दोन्ही नावं चुकीची वाटतात. कोरफडीच्या पिवळ्या चिकातलं अ‍ॅलोइन औषधशास्त्राच्या पुस्तकांत ‘सी-ग्लायकोसाइड’ म्हणूनच भेटतं ते भेटतंच. मोहरीतल्या सिनिग्रिनचा जोड गंधकातून आहे, पण त्याला थायोग्लायकोसाइड म्हणायला आययूपॅकची हरकत नाही.