चुरोच्या पोटात सारण कधी गेलं?

चुरो म्हणजे मैद्याच्या उकडीची तळलेली काडी. घासाएवढे, आत चॉकलेट भरलेले चुरो घरी करायची पाककृती उघडली की पहिल्या दोन ओळींतच ओळखीचं काहीतरी भेटतं. पाणी उकळायचं, त्यात मीठ आणि चमचाभर तेल टाकायचं, मैदा एकदम ओतून घोटायचा आणि झाकण ठेवायचं. ही तर सरळ सरळ उकड झाली. मोदकाची तांदळाची, ही मैद्याची. पुढे ते पीठ चांदणीच्या तोंडाच्या नळीतून दाबून गरम तेलात सोडायचं, म्हणजे सोऱ्या आला, तोही चकलीची चकती लावलेला. इथपर्यंत आपल्याकडच्या कुठल्याही आजीला नवं काही सांगावं लागणार नाही.

तिसरी पायरी वेगळी आहे. तळलेल्या चुरोला भोक पाडायचं आणि आत सारण भरायचं. ही रीत आपली नाही आणि चुरोच्या माहेरची, म्हणजे स्पेनचीही नाही. स्पेनमधला जुना चुरो भरत नाहीत, बुडवतात. पिठात साखर नसते, अंडं नसतं, लोणी नसतं. फक्त मैदा, पाणी, मीठ. सोबत कपात चॉकलेट येतं, तेही पिण्यापेक्षा चमच्याने खाण्यासारखं घट्ट. माद्रिदमध्ये पुएर्ता देल सोल चौकापासून चार पावलांवर सान खिनेस नावाचं चॉकलेटचं दुकान 1894 पासून हेच विकतं आहे. रात्रभर जागून परतणारे आणि पहाटे उठून कामाला निघणारे तिथे एकाच वेळी भेटतात. नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी चुरो आणि चॉकलेट खाण्याची चाल तर देशभर आहे. म्हणजे मुळात हा नाश्त्याचा पदार्थ, आणि त्याला टेबल लागतं, कप लागतो, बसायला जागा लागते. पुढची सगळी गोष्ट या कपाची आहे.

आधी नावाचं पाहू. दक्षिण स्पेनमध्ये, आंदालुसियात, चुरोला अनेक गावांत 'तेहेरिंगो' किंवा 'हेरिंगो' म्हणतात. 'हेरिंगा' म्हणजे पिचकारी, दवाखान्यातल्या सिरिंजची स्पॅनिश बहीण. पदार्थाला हत्याराचंच नाव पडलं. पिठाच्या या पिचकारीला चुरेरा म्हणतात आणि घरगुती चुरेरा हातात घेतला तर पितळी सोऱ्या आठवल्याशिवाय राहत नाही. अनेक दुकानांत चुरो वेगळ्या थाटात तळला जातो. मोठ्या पसरट कढईत पिठाची एकच लांब दोरी गोल गोल सोडतात, जिलबीचं जणू चाकच. ते पालथं घालायला दोन लांब काठ्या वापरतात आणि बाहेर काढलं की कात्रीने तुकडे पाडतात. पूर्वी घरी न्यायचे चुरो लव्हाळ्याच्या काडीत ओवून गाठ मारून देत. पोर्रा हा त्याचा जाडजूड भाऊ. त्याचं पीठ फुगवलेलं असतं, म्हणून तो आतून जाळीदार होतो.

स्पॅनिशमध्ये एखादं काम फसलं, वेडंवाकडं झालं की 'चुरो झाला' असं म्हणतात. घरी पहिल्यांदा करणाऱ्याला हा वाक्प्रचार लवकर कळतो.

चुरोच्या जन्माच्या दोन कथा सगळीकडे फिरतात. एक मेंढपाळांची: डोंगरात भट्टी नाही, पाव मिळत नाही, म्हणून स्पेनमधल्या कास्तीयाच्या मेंढपाळांनी पीठ तळून खाल्लं, आणि चुर्रा जातीच्या मेंढीच्या शिंगांवरून त्याला नाव दिलं. ऐकायला छान आहे. पण मेंढरांमागे हिंडणारा माणूस पाठीवर कढईभर तेल आणि पिचकारी घेऊन फिरत होता, हे माझ्या गळी उतरत नाही. दुसरी कथा चीनची. तिथे सकाळी सोयाच्या दुधात बुडवून खातात ती 'योउत्याओ' ही तळलेली काडी पोर्तुगीज खलाशांनी पाहिली आणि युरोपात नेली, असं सांगतात. पोर्तुगीज 1513 मध्ये चीनच्या किनाऱ्याला लागले हे खरं. दोन्ही पदार्थ लांबट, तळलेले आणि बुडवून खायचे, हेही खरं. पण योउत्याओचं पीठ फुगवलेलं असतं आणि पिठाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून, हाताने ताणून तेलात सोडतात. त्याला पिचकारी लागत नाही आणि चुरोचं पीठ तर ताणलंच जात नाही, तुटतं. शिवाय त्या वाटेवर गोवा होता. गोव्याच्या नाताळात कुलकुल आहेत, नेवऱ्या आहेत, दोदोल आहे, पण चुरोचा मागमूस नाही. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, मात्र चिनी कथा मला तरी सोयीची वाटते, खरी नाही. पीठ तळून गोडाबरोबर खायची युक्ती भूमध्य समुद्राच्या काठाने पूर्वीपासून होती. ती बाहेरून शिकायची गरज काय?

खरा प्रश्न चांदणीचा आहे. चुरोला कंगोरे का असतात? शोभेसाठी असतील असं मलाही वाटायचं. एकदा चकलीची चकती सापडेना म्हणून मी जाड शेवेची, गोल भोकाची चकती लावली. पहिले तीन तुकडे गुळगुळीत, सुरेख तळले गेले. चौथा कढईत जरा वेळ शांत पडून राहिला आणि मग फट्कन फुटला. तेल ओट्यापलीकडे भिंतीवर उडालं. साबुदाण्याचा वडा फुटताना पाहिलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. नशिबाने मी झारा आणायला वळले होते.

कारण उकडीत आहे. उकळत्या पाण्याने मैद्यातला स्टार्च शिजतो आणि पाणी धरून ठेवतो. म्हणून हे पीठ घट्ट दिसलं तरी वजनाने निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तेलात ते पाणी वाफ होऊ लागतं आणि वाफेला पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक जागा लागते. गुळगुळीत नळीवर चहूबाजूंनी एकसारखा कडक पापुद्रा धरतो आणि वाफ आत कोंडते. कंगोरे असले की पृष्ठभाग वाढतो, आतपर्यंत उष्णता लवकर पोचते, पाणी वेळेत निघून जातं, आणि दाब आलाच तर दोन कंगोऱ्यांमधल्या खाचेत पीठ उकलून वाट मिळते. स्पेनमध्ये चुरो करणाऱ्याला कंगोरे ही हौस वाटत नाही ती यामुळेच. पोर्रा गोल असूनही चालतो, कारण तो आधीच जाळीदार असतो.

या चुकीची किंमत चिलीमध्ये कोर्टाने ठरवली आहे. 2004 मध्ये तिथल्या 'ला तेर्सेरा' या दैनिकाने घरी चुरो करायची पाककृती छापली. वाचकांनी ती बरहुकूम केली, आणि पुढच्या दिवसांत ठिकठिकाणच्या दवाखान्यांत भाजलेली माणसं येऊ लागली. चुरो कढईत फुटून उकळतं तेल अंगावर उडालं होतं. खटला वर्षानुवर्षं चालला आणि 2011 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकांना 13 जणांची भरपाई करायला लावली, एकूण सुमारे सव्वा लाख डॉलर. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: पाककृती छापण्याआधी नीट करून पाहिली नव्हती, आणि सांगितलेल्या तापमानाला तेल नेलं तर हे पीठ फुटण्याचीच शक्यता जास्त होती. पाककृती लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल ओट्यासमोर चिकटवून ठेवावा.

तर असा हा भरीव, कंगोऱ्यांचा, आत काही ठेवायला जागाच नसलेला पदार्थ. त्याच्या पोटात सारण गेलं अटलांटिकपलीकडे.

मेक्सिकोत तो पोचला तेव्हा खरं तर चॉकलेट आपल्या घरी परत आलं. कोको मूळचा तिथलाच, सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी युरोपात नेलेला. मेक्सिको सिटीत एल मोरो हे दुकान 1935 पासून आहे. ते काढणारा फ्रान्सिस्को इरियार्ते स्पेनच्या नावार्रा भागातून आलेला. तिथेही तेच मोठं चाक, तीच कात्री, तोच कप. फरक दालचिनीचा. तळल्या तळल्या दालचिनी-साखरेत घोळवण्याची जी सवय आज जगभर चुरोची ओळख झाली आहे, ती मेक्सिकोच्या वाटेने पसरली. तिथली दालचिनी श्रीलंकेहून येते, पातळ सालीची, ठिसूळ. आपण पुलावात घालतो त्या जाड कॅसियापेक्षा ती पुष्कळ मऊ वासाची असते. जाड साल कुटून घातलीत तर प्रमाण निम्म्यावर आणा, नाहीतर सगळा चुरो मसाल्याच्या डब्यासारखा लागतो.

भरण्याचं खरं गाव मात्र आणखी दक्षिणेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लाखो स्पॅनिश माणसं अर्जेंटिना आणि उरुग्वेत जाऊन राहिली. तिथे त्यांना दुल्से दे लेचे भेटलं. दूध आणि साखर मंद आचेवर तासन्‌तास आटवून, चिमूटभर सोडा घालून तपकिरी करतात ते. सातारच्या कंदी पेढ्यासाठी भाजलेल्या खव्याचा रंग डोळ्यांसमोर आणा आणि तो मधासारखा ओघळतो आहे अशी कल्पना करा. अर्जेंटिनात चुरो म्हटलं की आत दुल्से दे लेचे गृहीत धरलं जातं. बिया खेसेल या समुद्रकाठच्या गावात एल टोपो हे दुकान 1968 पासून त्याच्यावरच चाललं आहे. उरुग्वेत चीज भरलेले खारे चुरोही खातात. ब्राझीलमध्ये रस्त्याच्या कडेच्या गाडीवर दोन यंत्रं असतात: एकातून पोकळ चुरो पडतो, दुसऱ्याची नळी त्याच्या पोटात खुपसून दांडा दाबला की सारण भरतं. चुरो पोकळ होतो तो पिचकारीच्या तोंडात मधोमध बसवलेल्या एका दांडीमुळे. पिठाला तिच्या भोवतीनेच बाहेर पडावं लागतं. एवढ्या एका दांडीने भरीव चुरोची नळी झाली.

हे तिथेच का झालं, याचं माझं उत्तर कपाशी येऊन थांबतं. दक्षिण गोलार्धात जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर पोहायला आलेली माणसं, वाळूत टोपली घेऊन 'चुरोऽऽस' ओरडत फिरणारा विक्रेता. तिथे गरम चॉकलेटचा कप कोण देणार आणि कोण धरणार? बुडवायचं ते आत घातलं की एका हातात सगळं मावतं. हा माझा तर्क आहे, पण चुरो जसजसा टेबलापासून लांब गेला तसतसं सारण आत गेलं, हे नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं.

घासाएवढा होण्याची पायरी आणखी अलीकडची, आणि तिच्यात स्वयंपाकघरापेक्षा बाजाराचा हात मोठा. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये हातभर लांब, सरळ चुरो कागदात गुंडाळून मिळू लागला. रांगेत उभ्याउभ्या खायचा. 1997 मध्ये व्हेनेझुएलात चुरोमानिया ही साखळी सुरू झाली आणि छोटे, भरलेले चुरो मॉलच्या काउंटरवर आले. 2014 मध्ये अमेरिकेत ओरिओ बिस्किटाच्या चवीचे गोठवलेले चुरो निघाले. मॉलमध्ये किंवा गाडीत बसून खाताना सारण मांडीवर सांडता कामा नये, म्हणून तुकडा एका घासाचा. घरी छोटे चुरो करणारे आपण या दुकानांची नक्कल करत असतो, स्पेनची नव्हे. त्यात कमीपणा काही नाही, फक्त कारखान्यातली दांडीची पिचकारी आपल्याकडे नाही एवढं लक्षात ठेवायचं.

म्हणून इंटरनेटवर फिरणारी एक युक्ती मला अजिबात पटत नाही: पिठाची पारी करून आत चॉकलेटचा तुकडा ठेवायचा, गोळा वळायचा आणि तळायचा. हा आकाराने मोदक झाला आणि स्वभावाने सुतळी बॉम्ब. गोळा गुळगुळीत, तोंड बंद, आत वितळणारं सारण, आणि बाहेर पाण्याने भरलेली उकड. तो फुटला नाही तरी सारण गळून तेलात जळतं, पुढचा सगळा घाणा काळा आणि कडू.

त्यापेक्षा एक वाटी मैद्याला एक वाटी पाणी घेऊन उकड काढावी. कोमट झाली की मोदकाच्या उकडीसारखीच तळहाताने मळून गुठळ्या मोडाव्यात, कारण गुठळीतही वाफ कोंडते. सोऱ्यात भरताना हवेचा पोकळा राहू देऊ नये. चकलीचीच चकती लावावी. तेल 180 अंशांच्या आसपास असावं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा कण टाकून पाहावा, तो लगेच वर आला पण लाल झाला नाही तर ठीक. सोऱ्या तेलाच्या जरा वर धरून, बोटाच्या दोन पेरांएवढं पीठ बाहेर आलं की कात्रीने कापायचं. कात्रीला तेल लावलेलं हवं. तुकडा आखूड असण्याचा एक फायदा इथे मिळतो. दोन्ही टोकांच्या कापलेल्या तोंडांपासून मधलं पीठ लांब नसतं, वाफेला बाहेर पडायला जवळची वाट सापडते.

काहीजण उकडीत लोणी आणि अंडं घालतात. तो मग फ्रेंच धर्तीचा, एक्लेअर या क्रीम भरलेल्या पेस्ट्रीच्या कुळातला चुरो होतो. तो आतून आपोआप पोकळ होतो आणि भरायला सोपा जातो. अमेरिकी पाककृतींत बहुधा हाच असतो. नुसत्या मैद्या-पाण्याच्या चुरोला मात्र वाट करून द्यावी लागते. सोनेरी झालेले तुकडे कागदावर काढायचे, दालचिनी-साखरेत गरम असतानाच घोळवायचे आणि हात लावता येईल इतके निवले की विणायची सुई एका टोकातून घालून दुसऱ्या टोकाच्या जरा अलीकडे थांबवायची. सुई आत गोल फिरवली की मऊ गर बाजूला दबतो. सारण कोनात भरून, टोक भोकात धरून हलकेच दाबायचं. चुरो बोटांत किंचित जड लागला की थांबायचं, कारण त्यानंतरचा थेंब मागच्या बाजूने बाहेर येतो आणि बशीत पडतो.