ज्योत पेटल्याचं बॉयलरला कळतं कसं?

पाणी तापवून घर उबदार ठेवणारा घरगुती गॅस बॉयलर रुसण्याची एक ठरलेली तऱ्हा आहे. पंखा घुमू लागतो, ठिणगी टकटकते, बर्नर भपकन पेटतो, काचेतून निळी ज्योत स्वच्छ दिसते आणि चार-पाच सेकंदांत सगळं विझतं. पुन्हा ठिणगी, पुन्हा ज्योत, पुन्हा अंधार. दोन-तीनदा असं झालं की लाल दिवा लागतो आणि पडद्यावर एखादा आकडा येऊन बसतो. यावर ऐकू येणारी निदानं बहुतेक वेळा दोनच: ‘गॅसचा दाब कमी पडतोय’ किंवा ‘कार्ड गेलं’. कार्ड म्हणजे आतला सर्किट बोर्ड, बॉयलरच्या सगळ्यांत महाग भागांपैकी एक. तो बदलला जातो आणि बिघाड मात्र पुष्कळदा जागच्या जागी राहतो.

खरं तर अशा वेळी कार्ड आपलं काम चोख करत असतं. ज्योत आपल्याला दिसते, कार्डाला दिसत नाही. ज्योत असल्याची खबर ठरलेल्या काही सेकंदांत आली नाही, तर गॅस न जळता नुसताच वाहतोय असं धरून ते झडप बंद करतं. ही खबर आणणारी यंत्रणा समजली की निम्मं निदान झालंच म्हणून समजा. गॅसवर चालणारे पुष्कळसे गिझरही याच तत्त्वावर चालतात.

ज्योत कळते ती उष्णतेवरून, असं बहुतेकांना वाटतं. जुन्या बॉयलरांत तसंच होतं. त्यांच्यात एक छोटी ज्योत कायम तेवत असे आणि तिच्यात थर्मोकपलचं टोक बुडालेलं असे. दोन वेगवेगळ्या धातूंच्या सांध्याला ऊब दिली की वीज निर्माण होते, हा 1821 साली जर्मन शास्त्रज्ञ झेबेक यांना सापडलेला परिणाम. या सांध्यातून मिळणारे वीस-तीस मिलिव्होल्ट एका छोट्या विद्युतचुंबकाला पुरतात आणि तो गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की सांधा गार होतो, चुंबक सुटतो, झडप मिटते. साधी आणि भरवशाची व्यवस्था, पण फार संथ. सांधा गार व्हायला अर्धं मिनिटही लागू शकतं. 24 किलोवॅटचा बर्नर पूर्ण ताकदीने चालताना सेकंदाला अर्ध्या लिटरहून जास्त नैसर्गिक वायू खातो. अर्ध्या मिनिटात बंद पेटीत किती गॅस साचेल याचा हिशेब करून पाहा.

म्हणून आजच्या बॉयलरांत उष्णतेच्या ऐवजी ज्योतीचा दुसराच एक गुण वापरतात. ज्योतीतून वीज वाहते. हवा विजेची दुर्वाहक, गॅसही दुर्वाहक, पण दोन्ही मिळून जळू लागले की त्या जागेतून प्रवाह जाऊ शकतो. नुसत्या तापमानाने हे होत नाही, तेवढ्या उष्णतेत या वायूंचे इलेक्ट्रॉन सहसा सुटत नाहीत. हे काम रासायनिक क्रियेचं आहे. मिथेनचा रेणू जळताना पायरीपायरीने मोडतो. त्यात क्षणभर एक कार्बन आणि एक हायड्रोजन अशी जोडी उरते. तिला ऑक्सिजनचा अणू भेटला की दोघे जुळतात आणि त्या धांदलीत एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. मागे राहतो तो धनभारित आयन. तो आपला भार लगेच पाण्याच्या रेणूला देऊन टाकतो. म्हणजे जळत्या ज्योतीत मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्या सोबतीला धनभारित पाण्याचे जड रेणू. संख्या थोडी, पण मोजता येण्याइतकी.

आता बर्नरच्या तोंडापाशी एक पातळ धातूची दांडी ज्योतीत शिरेल अशी बसवायची. हाच आयनीकरण इलेक्ट्रोड. दांडी आणि बर्नर यांच्यामध्ये विजेचा दाब दिला की ज्योत असताना प्रवाह वाहतो, नसताना थांबतो. इथवर सोपं आहे. पण समजा, बर्नरवर ओल धरली किंवा दांडीच्या चिनी मातीच्या बुडख्यावर काजळी साठली, तर त्यांच्यातूनही प्रवाह वाहील आणि ज्योत नसतानाच कार्डाला वाटेल की ज्योत आहे. त्याहून घातक चूक नाही. त्यावर अभियंत्यांनी काढलेली युक्ती मला या सगळ्या यंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

दांडीला एकदिश दाब देण्याऐवजी प्रत्यावर्ती दाब देतात, म्हणजे सेकंदाला पन्नास-साठ वेळा धन-ऋण बदलत राहणारा. दांडी धन असते तेव्हा चपळ इलेक्ट्रॉन तिच्याकडे धावतात आणि धन आयन बर्नरकडे जातात. बर्नरचा पृष्ठभाग ऐसपैस, त्यामुळे पुष्कळ आयन वेचले जातात आणि प्रवाह बऱ्यापैकी वाहतो. पुढच्या क्षणी दांडी ऋण होते. आता आयनांनी त्या इवल्याशा दांडीवर पोहोचायचं असतं. हा आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे 35 हजार पट जड, त्यामुळे चाल मंद. त्यात दांडीचं क्षेत्रफळ कमी. मोजकेच आयन तिथवर पोहोचतात आणि प्रवाह रोडावतो. एका दिशेला जास्त, उलट दिशेला कमी. बेरीज केली की एका दिशेचा बारीकसा प्रवाह शिल्लक राहतो. डायोड, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग, जे काम करतो तेच इथे ज्योत करते.

ओल किंवा काजळी हे करू शकत नाही. तिच्यातून दोन्ही दिशांना सारखाच प्रवाह जातो आणि बेरीज शून्य होते. कार्ड फक्त शिल्लक राहिलेला एकदिश प्रवाह बघतं, म्हणून ओलीला ज्योत समजण्याची चूक होत नाही. शिवाय गॅस सोडायच्या आधी कार्ड एकदा तपासून घेतं: आत्ताच ज्योत दिसतेय का? दिसत असेल तर काहीतरी खोटं आहे, आणि ते झडप उघडतच नाही.

हा प्रवाह किती? सर्वसाधारणपणे एक ते दहा मायक्रोअँपिअर. दहा वॅटचा दिवा घेतो त्याच्याहून हजारो पटींनी कमी. एवढ्याशा प्रवाहाच्या वाटेत जरा अडथळा आला की ‘ज्योत दिसते पण टिकत नाही’ हा खेळ सुरू होतो. जाणकार मेकॅनिक कार्डाला हात लावण्याआधी दांडीच्या तारेत मल्टिमीटर जोडून हा आकडा बघतो. आकडा घसरलेला असेल तर संशयित ठरलेले आहेत. पहिला संशय दांडीवर. तिच्यावर पांढुरका, काचेसारखा कडक थर दिसतो. हवेत सिलिकॉनयुक्त फवारे उडत असतील तर ते ज्योतीत जळून वाळूतलीच सिलिका तयार होते आणि दांडीवर चिकटते. सिलिका दुर्वाहक. बारीक घासणीने दांडी हलकेच पुसली की बिघाड जातो, जाड सँडपेपरने मात्र ती ओरबाडली जाते. चिनी मातीला केसासारखी चीर गेलेली असेल तर प्रवाह वाटेतच गळतो आणि मग दांडी बदलावी लागते.

दुसरा संशय अर्थिंगवर, आणि इथे भलेभले फसतात. प्रवाह ज्योतीतून बर्नरवर उतरतो आणि अर्थिंगच्या वाटेने कार्डाकडे परततो. एखादा स्क्रू गंजला असला तरी ती वाट तुटते. काही बॉयलर फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले तर ज्योत ओळखतच नाहीत. वीज गेल्यावर बॉयलर जनरेटरवर लावला की तो पेटतो आणि विझतो, याचंही कारण पुष्कळदा हेच असतं. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल अनेकदा जमिनीशी जोडलेला नसतो, मग परतीची वाटच उरत नाही. बिघाड बॉयलरबाहेर, आणि बदललं जातं कार्ड.

आता जरा विषयांतर. गॅसच्या नळीवर चुंबक बसवला की रेणू म्हणे ‘रांगेत’ येतात आणि गॅस वाचतो. मिथेनच्या रेणूला वळवावं असं चुंबकाला त्यात काहीच सापडत नाही. आणि नीट लावलेल्या बर्नरमध्ये जवळजवळ सगळा गॅस जळतोच, मग चुंबक वाचवणार काय? उष्णता वाया जाते ती धुराच्या वाफेतून, एकूण उष्णतेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये ती वाफ धातूवर पाणी होऊन उष्णता परत देते, पण त्यासाठी घरात फिरून परतणारं पाणी साधारण 55 अंशांपेक्षा गार हवं. बचत हवी असेल तर चुंबकापेक्षा तापमानाचं बटण जरा खाली आणावं.

बाकीचे बिघाड लक्षणांवरून ओळखू येतात. गार असताना पाण्याचा दाब एक-दीड बार, तापल्यावर तीन बारपर्यंत चढतो, सुरक्षा झडपेतून पाणी ठिबकतं आणि गार झाल्यावर काटा शून्याकडे, असं होत असेल तर प्रसरण टाकीतली हवा गेलेली असते. 10 अंशांचं पाणी 80 अंशांपर्यंत तापवलं की जवळपास 3 टक्के फुगतं, त्याला जागा हवीच. चहाच्या किटलीसारखा खडखडाट म्हणजे उष्णता-विनिमयकावर, ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागावर, क्षारांची पुटं. कडाक्याच्या थंडीत गुळगुळ आवाज करून बॉयलर बंद पडला तर आधी वाफेचं झालेलं पाणी बाहेर नेणारी नळी गोठली आहे का ते पाहावं, कोमट पाणी ओतून ती मोकळी होते.

काटा पाहणं, नळी मोकळी करणं इथवर घरच्या माणसाने जावं. बर्नरची पेटी उघडणं, दांडी काढणं हे प्रशिक्षित माणसाचंच काम. रिसेटचं बटणही दाबत सुटू नये, दर वेळी थोडा गॅस सुटतोच. ज्योत पिवळी, आळशी दिसू लागली किंवा आसपास काजळी धरली तर बॉयलर बंद करून खिडक्या उघडाव्यात. अर्धवट जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅसला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, तो इथे कामाला येत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतो. त्याची सूचना देणारा अलार्म हाच त्यावरचा पहारेकरी.

जाता जाता दांडीची एक मर्यादा सांगायला हवी. घरगुती बॉयलरमध्ये शुद्ध हायड्रोजन जाळण्याचे प्रयोग चालू आहेत. त्या ज्योतीत कार्बनच नाही, म्हणजे कार्बन-हायड्रोजनची ती क्षणभंगुर जोडी नाही, म्हणजे आयन जवळजवळ नाहीत. बर्नर धडाडून पेटला तरी दांडीला पत्ता लागत नाही. दिवसाउजेडी डोळ्यांनाही जेमतेम दिसणारी ही ज्योत ओळखायला तिच्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीतून निघणारा, 310 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश टिपणारा सेन्सर बसवावा लागतो.