कावळा शिवण्याआधी

नाशिकच्या रामकुंडावर दहाव्याला पिंड ठेवला की सगळ्यांचे डोळे कावळ्याकडे लागतात. कावळा शिवेना, की घरातलं कोणीतरी पुढे होऊन हात जोडतं: 'धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ', 'आईला अंतर देणार नाही'. माणसाची इच्छा काय राहिली, हे असं तो गेल्यावर शोधायला लागतो. शेवटच्या आजारपणात काय हवं, काय नको, ते धडधाकट असताना लिहून ठेवायची कायदेशीर सोय मात्र आपल्याकडे २०१८ पासून आहे. त्या कागदाला वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. मृत्युपत्राशी त्याची गल्लत नको. मृत्युपत्र मरणानंतर लागू होतं, हे त्याआधी, स्वतःला निर्णय सांगता येईनासा झाल्यावर.

या सोयीच्या मुळाशी मुंबईतल्या केईएम रुग्णालयाच्या परिचारिका अरुणा शानबाग आहेत. २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या ४१ वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं अन्न थांबवावं ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. इतक्या वर्षांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या लोकांना त्या जगायला हव्या होत्या. मात्र अशा रुग्णांचे कृत्रिम उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवता येतील, असं त्याच निकालाने ठरवलं. खुद्द अरुणाताईंना काय हवं होतं, हे विचारायची वाट तेव्हा कधीच बंद झाली होती.

९ मार्च २०१८ च्या निकालात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि इच्छापत्राला मान्यता दिली. पण त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. पुढे उपचार थांबवायला रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या मंडळाची मंजुरी, मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या मंडळाची, त्यातल्या तज्ज्ञांना २० वर्षांच्या अनुभवाची अट. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या कुटुंबाला हे झेपण्यासारखं नव्हतंच. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ते सुटसुटीत केलं. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. तज्ज्ञांना पाच वर्षांचा अनुभव चालतो आणि दोन्ही वैद्यकीय मंडळांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं असतं. उपचार थांबवण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

कागद फसतो तो बहुधा मोघम भाषेमुळे. 'मला हाल नकोत' एवढंच लिहिलं, तर डॉक्टरांनी नेमकं काय करायचं? मजकूर संदिग्ध असेल तर मंडळ तो अमलात आणत नाही. व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय सुरू करणं, डायलिसिस, नाकातली नळी यांबद्दल एकेक करून लिहावं. कोणत्या अवस्थेत हे नको, तेही लिहावं: माणसं ओळखता येईनाशी झाली आणि सुधारण्याची आशा डॉक्टरांनी सोडली, तर. वेदनाशामक औषधं चालू ठेवा, हे आवर्जून घालावं. घरी न्या, असं वाटत असेल तर तेही.

आपल्या वतीने बोलायला एकापेक्षा जास्त माणसांची नावं देता येतात. मुलगा परदेशात असेल तर नाशिकातलं एक नाव हवंच. आणि त्या माणसांशी आधी नीट बोलायला हवं. सही केलेला कागद त्यांनी पहिल्यांदा रुग्णालयात वाचला, तर घाबरून ते 'सगळं करा'च म्हणतात. मन बदललं तर लेखी देऊन इच्छापत्र कधीही मागे घेता येतं.

एक प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची: शहरात महापालिका, सिन्नरला नगरपरिषद, खेड्यात ग्रामपंचायत. एक घरच्या डॉक्टरांकडे, एक नाव दिलेल्यांकडे. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये नको. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत चढताना जी फाइल हातात असते, त्या फाइलमध्ये तो हवा.