प्रिंगल्सच्या डब्यामागची गोष्ट
प्रिंगल्स म्हणजे उभ्या गोल डब्यात मिळणारे बटाट्याचे चिप्स; त्यांचे सगळे तुकडे एकाच मापाचे, एकाच बाकाचे असतात, कारण ते बटाटा कापून केलेलेच नसतात. पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

१९५० च्या दशकात अमेरिकेत लोकांची तक्रार असायची की वेफर्सच्या पाकिटात निम्मा चुरा निघतो, निम्मी हवा, आणि लवकर मऊ पडतात. प्रॉक्टर अँड गॅम्बल म्हणजे खरं तर साबण-डिटर्जंटवाली कंपनी, पण खायच्या तेला-तुपाचा धंदाही होताच, तर त्यांनी हे काम फ्रेडरिक बाउर या आपल्या केमिस्टला दिलं. त्यानं घोड्याच्या खोगिरासारखा बाक शोधला, म्हणजे एकावर एक नीट बसतात आणि तुटत नाहीत, आणि वर तो उभा गोल डबा. पण चव काही जमेना! काम तसंच पडून राहिलं, मग १९६० च्या दशकात कंपनीतल्याच अलेक्झांडर लीपा यांनी चव सुधारली, आणि तळायच्या मशीनवर काम करणारा एक इंजिनिअर होता जीन वुल्फ, जो पुढे सायन्स फिक्शनचा मोठा लेखक झाला (मला हे फार भारी वाटतं). सुकवलेल्या बटाट्याचे फ्लेक्स, मका-तांदळाचं पीठ, स्टार्च असं मळून लाटायचं, कापायचं, साच्यात धरून तळायचं, म्हणजे वेफर्सपेक्षा आपल्या बटाट्याच्या पापडाच्याच जवळचं. १९६८ ला इंडियाना राज्यात विक्री सुरू झाली.

बाकीचे चिप्सवाले भडकले, पिठाच्या वस्तूला चिप्स म्हणायचंच नाही म्हणे. १९७५ मध्ये एफडीएनं (अमेरिकेची अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) सांगितलं, चिप्स म्हणा, पण 'सुकवलेल्या बटाट्यांपासून बनवलेले' असं सोबत लिहा. कंपनीनं मग सरळ क्रिस्प्स म्हणायला घेतलं.

ब्रिटनमध्ये नेमकं उलटं, तिथे बहुतेक खाण्याच्या वस्तूंवर व्हॅट शून्य पण बटाट्याच्या क्रिस्प्सवर (चिप्सना तिथे क्रिस्प्सच म्हणतात) पूर्ण, म्हणून तीच कंपनी कोर्टात म्हणाली की यात बटाटा जेमतेम ४२ टक्के, हे क्रिस्प्स नाहीतच! २००८ ला हायकोर्टानं मानलं, २००९ ला अपील कोर्टानं फिरवलं आणि सुमारे १० कोटी पौंडांचा कर अंगावर आला. मला अपील कोर्टाचंच पटतं, विकताना क्रिस्प्स आणि कर भरताना नाही असं कसं चालेल.

बाउर २००८ मध्येच गेले, त्यांच्याच इच्छेनं त्यांच्या थोड्या अस्थी प्रिंगल्सच्या डब्यात ठेवून पुरल्या. इतकं प्रेम होतं त्या डब्यावर! २०१२ मध्ये कॉर्नफ्लेक्सवाल्या केलॉग्जनं हा ब्रँड जवळपास २७० कोटी डॉलरला विकत घेतला.