बुश कडक असला म्हणजे चांगला?

गाडीच्या सांगाड्याला चाकाशी जोडणारा खालचा दांडा म्हणजे लोअर आर्म, आणि त्याच्या सांध्यात बसणारा रबरी तुकडा म्हणजे बुश. लोअर आर्ममधून दाबून काढलेला जुना बुश हातात आला, की आधी त्याची मधली नळी बघावी. नव्या बुशात ती सहसा मधोमध असते. जुन्यात ती एका बाजूला कललेली, आणि दुसऱ्या बाजूला रबर फाटून चंद्रकोरीसारखी फट. ब्रेक दाबताच येणारा ‘टक्’ आवाज, गाडीचं एका अंगाला ओढणं, आतल्या कडेने झिजलेला टायर, या तक्रारींच्या मुळाशी अनेकदा हीच फट असते.

आता पुन्हा रबरच घ्यायचं, की पॉलियुरेथेन या कृत्रिम पदार्थाचा लाल-पिवळा कडक बुश? फाटलं ते मऊ होतं म्हणून, तेव्हा कडकच घेऊ, असं मन म्हणतं. इथेच फसगत होते.

रबरी बुश हा बेअरिंगसारखा घसरत फिरत नाही. बाहेर लोखंडी कडं, आत नळी, आणि दोन्हींना घट्ट चिकटवलेलं रबर. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर स्वतःच पिळलं जातं आणि पुन्हा सुटतं. म्हणून ग्रीस लागत नाही, आवाजही होत नाही. शिवाय पिळण्यातली थोडी ऊर्जा रबरात उष्णता होऊन जिरते, त्यामुळे रस्त्याची थरथर आपल्यापर्यंत कमी पोचते.

रबराची दुसरी गंमत अशी, की त्याचा आकार सहज बदलतो, आकारमान मात्र जवळजवळ नाहीच. दाबलं की ते कुठेतरी फुगायला जागा शोधतं. बुश बनवणारे ही जागा मुद्दाम ठेवतात: रबरातच पोकळ खाचा. खाचेच्या दिशेने बुश मऊ, आडव्या दिशेने ताठ. खड्ड्याची कड लागली की चाक किंचित मागे सरकतं, पण वळणावर बाजूला हलत नाही. म्हणूनच अनेक बुशांवर बाण किंवा खूण असते. ती चुकवून बसवलेला नवाकोरा बुशही गाडी बिघडवतो.

पॉलियुरेथेनचा जन्म 1937 सालचा, जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेतला. कडकपणा मोजणाऱ्या शोअर ए मोजपट्टीवर गाडीतलं मूळ रबर साधारण 50 ते 70 भरतं, पॉलियुरेथेनचे बुश बहुधा 70 ते 95. ते तेलाला दाद देत नाहीत, चाकाचा कोन पक्का धरतात. पण त्यांच्यात नळी सहसा चिकटवलेली नसते, ती आत फिरते. सिलिकॉन ग्रीस संपलं की अडकत-सुटत कुरकुर सुरू. खाचांची ती दिशा-दिशांची हुशारीही बऱ्याचदा जाते. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याला हे चालेल. रोजच्या गाडीला मी मूळ मापाचं रबरच घेईन. मूळ बुश आत द्रव भरलेला असेल तर तसाच घ्यावा.

रबरी बुश दाबून बसवताना साबणाचं पाणी वापरावं. साध्या ग्रीसने नैसर्गिक रबर फुगतं. दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, आणि नंतर अलाइनमेंट करून घ्यावं.

एक चूक मात्र फार होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळताहेत, आणि बोल्ट तिथेच पूर्ण आवळला जातो. नळी त्या कोनात जखडते. गाडी खाली आली की रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेलं राहतं, आणि नवा बुश लवकर फाटतो. बोल्ट सैल ठेवून गाडी उतरवायची, वजन चाकांवर येऊ द्यायचं, मग तो पूर्ण आवळायचा.