स्पीड जिग आणि स्लो जिग: मासा चढताना घेतो की पडताना?

मळ्यातल्या विहिरीच्या काठावर बसून एक प्रयोग करता येतो. शंभर-शंभर ग्रॅमचे दोन जिग, म्हणजे समुद्रातले मासे धरायचे धातूचे खोटे मासे, घ्यायचे, हुक काढून टाकायचे आणि दोरीला बांधून एकामागून एक पाण्यात सोडायचे. उन्हाळ्यात पाणी निवळ असतं, पुरुषभर खोल तरी दिसतं. पहिला जिग सुरी निसटावी तसा गेला. पाण्यात शिरला तेवढा दिसला, पुन्हा दिसलाच नाही. दुसरा मात्र पाण्यात गेल्या गेल्या आडवा झाला, डावीकडं सरकला, उजवीकडं सरकला, प्रत्येक हेलकाव्याला एकदा चमकला आणि आंब्याचं वाळकं पान झाडावरून पडावं तसा रमत रमत खाली गेला.

वजन तेच, धातू तोच, दुकानातला डबाही तोच. पहिला स्पीड जिग, दुसरा स्लो जिग. पहिल्यांदा समुद्रावर निघालेला माणूस या दोघांत हमखास गल्लत करतो. मीही केली होती.

आपण सांगलीकर नदीवरचे. आयर्विन पुलाखाली, नाहीतर हरिपूरच्या संगमावर नायलॉनची तंगूस टाकायची, गळाला गांडूळ लावायचं आणि मरळ नाहीतर शिंगाळा येईपर्यंत गप बसायचं. आमिषाला वास असतो, मासा आपसूक येतो. जिगला ना वास ना चव. शिशाचा रंगवलेला तुकडा तो. बोटीवरून सरळ खाली तळाला सोडायचा आणि हातानं त्याला माशासारखं वागायला लावायचं, हेच जिगिंग. म्हणून तुकडा कसा पडतो आणि कसा चढतो यावर सगळा खेळ.

नावानं फसगत होते. ‘स्लो’ म्हटलं की वाटतं, तोच जिग जरा सावकाश ओढायचा असेल. तसं नाही. स्पीड जिग वर चढताना काम करतो, स्लो जिग खाली पडताना. हे एकदा डोक्यात बसलं की रॉड, रील म्हणजे दोरी गुंडाळायची चरखी, हुक, लाइन म्हणजे ती दोरी, या सगळ्या गोष्टी आपोआप जागच्या जागी येतात.

स्पीड जिग शेवग्याच्या शेंगेच्या तुकड्यासारखा, लांब आणि सडपातळ. वजन बहुधा शेपटाकडं, त्यामुळं तो धाडकन तळ गाठतो. तळाला टेकला की रीलचा एक फेरा आणि रॉडचा एक झटका, पुन्हा फेरा, पुन्हा झटका. तो डावी-उजवी मान टाकत वर पळतो. खालून बघणाऱ्याला वाटतं, घाबरलेली मासोळी जीव घेऊन पळतेय. जे मासे पाठलाग करून खातात त्यांना हे बरोबर भुलवतं: सुरमई, कुपा, बाराकुडा. अशा माशाचा ठोका कळतोच. हातातला रॉड कुणीतरी खाली हिसकावल्यासारखा होतो.

स्लो जिग मधे रुंद, पानासारखा. बऱ्याचदा एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर. वजन मध्यावर. रीलचा पाव किंवा अर्धा फेरा द्यायचा, रॉडचं टोक वाकतं, सरळ होताना जिगला थोडं वर उडवतं, आणि मग क्षणभर लाइन ढिली सोडायची. त्या ढिलाईत जिग आडवा होतो आणि फडफडत खाली येतो. हा पळणारा मासा नव्हे, मरायला टेकलेला. खडकाच्या कपारीत बसलेला गोब्रा किंवा तळालगत फिरणारी तांबोशी उगीच धावाधाव करत नाहीत. तोंडासमोर आयता घास पडला तर मात्र सोडत नाहीत.

यातली खरी अडचण अशी की घास बहुतेक वेळा त्या ढिलाईतच घेतला जातो, म्हणजे हाताला काहीच कळत नाही. जिग अजून तीन-चार हात खाली जायला हवा होता आणि मधेच थांबला, एवढीच खूण. किंवा पुढचा फेरा देताना रील जड लागते. नदीवर पाण्यावर तरंगणाऱ्या बुडीकडं बघायची सवय असलेल्यांना हे लवकर जमतं, कारण लक्ष ठेवायची तयारी असते. घाई असणाऱ्याचा दिवस कोरडा जातो.

आता हुक. दोन्ही जातींच्या जिगना असिस्ट हुक म्हणजे मजबूत दोरीवर लोंबणारे हुक लावतात. स्पीड जिगला ते फक्त वरच्या टोकाला, लाइनच्या बाजूला, कारण पळत्या माशाला शिकारी डोक्याकडं धरतो. स्लो जिगला वर दोन आणि खाली दोन, कारण पडत्या जिगवर मासा कुठूनही येईल. वरचे आणि खालचे हुक एकमेकांना पोहोचतील इतकी लांब दोरी ठेवू नका, नाहीतर प्रत्येक फेकीला गुंता सोडवत बसाल. आणि खाली तीन काट्यांचा गळ लावायचा मोह होतो, तो आवरा. खडकाळ तळाला तो पहिल्या दहा मिनिटांत अडकतो आणि जिगही घेऊन जातो.

रॉडच्या बाबतीत माझी फजिती झाली ती सांगतो. पहिल्या खेपेला मी स्लो जिगिंगचा रॉड घेतला. बारीक, हलका, हातात धरायला झकास. समुद्रावर मासा लागला आणि मी नदीवरची सवय केली, रॉड सरळ आभाळाकडं उभा केला आणि माशाला उचलायला लागलो. मुठीच्या वर हातभर अंतरावर ‘फाट्’ असा आवाज झाला. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, काही बोलला नाही, फक्त दुसऱ्या पोराकडं बघून हसला. दोष रॉडचा नव्हता. तो रॉड जिगला उडवण्यासाठी असतो, माशाला उचलण्यासाठी नाही. मासा लागल्यावर टोक पाण्याकडं झुकवायचं आणि जोर रीलनं लावायचा. स्पीड जिगचा रॉड याच्या उलट, आखूड आणि ताठ, माशाला रेटायला बनवलेला.

रीलचंही तसंच. स्पीडसाठी रॉडखाली लटकणारी स्पिनिंग रील बरी, एका फेऱ्यात साधारण मीटरभर लाइन ओढणारी. स्लोवाले आडवी, रॉडच्या वर बसणारी रील वापरतात. पाव फेरा, अर्धा फेरा असा नेमका हिशोब तिच्यावर जमतो आणि अंगठ्यानं पडता जिग आवरता येतो.

लाइन मात्र दोन्हीकडं विणलेलीच हवी. नदीवरची तंगूस इथं कामाची नाही, कारण ती ताणते. चाळीस मीटर खाली जिग असताना वर दिलेला झटका तंगूसच पिऊन टाकते, खाली जिग जागचा हलतही नाही. विणलेली लाइन ताणत नाही. तिची जाडी पीई आकड्यात सांगतात. पीई २ ची लाइन जेमतेम शिवणाच्या दोऱ्याएवढी, पण पंधरा-अठरा किलोपर्यंतचा ताण घेते. स्पीडला पीई ३ च्या आसपास, स्लोला पीई २. स्लोला बारीक हवी, कारण जाड लाइनला प्रवाह जास्त धरतो आणि जिगचं पडणं बिघडतं. दर दहा मीटरला रंग बदलणारी लाइन घ्या, मासा किती खोलीवर लागला ते रंगावरून कळतं. पुढं दोन-तीन वाव फ्लोरोकार्बनची लीडर, म्हणजे लाइन आणि जिग यांच्या मधला एकेरी दोऱ्याचा तुकडा, आणि लाइन-लीडर जोडायला एफजी नावाची गाठ. ही गाठ घरी पंखा बंद करून वीस वेळा बांधून बघा. हलत्या बोटीवर, ओल्या हातानं ती पहिल्यांदा बांधायला जाऊ नका.

वाव म्हणजे कोकणातलं माप, साधारण सहा फूट. तांडेल मीटरमध्ये बोलत नाही. त्यानं ‘वीस वाव’ म्हटलं आणि तुम्ही वीस मीटर समजलात, तर जिग निम्म्या वजनाचा निघतो. वीस वाव म्हणजे छत्तीस मीटर. सुरुवातीला मीटरमागं दोन ते तीन ग्रॅम धरा, म्हणजे छत्तीस मीटरला ८० ते १०० ग्रॅम. प्रवाह असेल तर चढते वजन. लाइन बोटीपासून फारच तिरकी जायला लागली, की जिग हलका पडतोय असं समजा. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्रतळ उथळ आणि रुंद आहे. एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात तीस-चाळीस मीटरच्या आसपासच पाणी भेटतं. त्यामुळं ३०० ग्रॅमचे जिग विकत घेऊन आंबा घाट उतरू नका. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक हे समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार आहे, त्याचं नाव ऐकून तोंडाला पाणी सुटतं, पण पहिल्या खेपेचं ते काम नव्हे.

प्रवाहाचा विषय निघाला तर तारीख ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाणी जोरात धावतं. रुंद स्लो जिग अशा पाण्यात पतंगासारखा वाहवत जातो, तळाला पोहोचतच नाही. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी निवांत, तेव्हा स्लो जिग खुलतो. सुट्टी नेमकी पौर्णिमेलाच आली असेल, तर डब्यात स्पीड जिग जास्त भरा. तो पाणी कापत जातो.

एकच संच घ्यायचा असेल तर काय घ्यावं? दुकानात बहुतेकदा स्लोचा रॉड दाखवतात, कारण तो आता चलतीत आहे. माझं मत वेगळं आहे. पहिल्या खेपेला सहा फुटांच्या आतबाहेरचा मध्यम ताकदीचा जिगिंग रॉड घ्या, त्यावर ५००० किंवा ६००० आकाराची स्पिनिंग रील आणि पीई २ किंवा २.५ ची लाइन. हा रॉड चूक सोसतो. माझ्यासारखं आभाळाकडं बघून ओढलं तरी लगेच मोडत नाही. जिग मात्र दोन्ही जातींचे घ्या, ८०, १०० आणि १५० ग्रॅमचे दोन-दोन. स्पिनिंग रीलवर स्लो जिगही पडू देता येतो. अगदी नजाकतीनं नाही, पण घास देण्यापुरता. स्लोचा खास रॉड पुढच्या वर्षी.

ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक. तो अंदाजानं आवळू नका. घरातला स्प्रिंगचा ताणकाटा घ्या, लाइन त्याच्या हुकाला बांधा आणि रॉड धरून कुणाला तरी ओढायला लावा. काटा तीन-चार किलोवर असताना रीलनं लाइन सोडली पाहिजे. लाइनच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडं जाऊ नका.

आणि जिगच्या दोन रिंगांचं. जिगच्या टोकाला फाकणारी स्प्लिट रिंग असते आणि तिच्यात एक अखंड, न फाकणारी रिंग. लीडरची गाठ आणि असिस्ट हुक दोन्ही अखंड रिंगला, जिग स्प्लिट रिंगला. म्हणजे माशाचा जोर हुकावरून थेट लाइनवर येतो, मधे जिगला बसत नाही. लीडर चुकून स्प्लिट रिंगला बांधली तर तिच्या फटीत गाठ घासते, आणि मोठा मासा नेमका तेव्हाच सुटतो.

राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि समुद्र निवायला दसरा-दिवाळी उजाडते. तोवर विहिरीवर हात बसवून घ्या. फक्त तिथं हुक काढायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि माझी पहिली ‘तांबोशी’ म्हणजे मोटारीच्या पाइपाचा फुटव्हॉल्व्ह निघाला. आमच्याकडं त्याला फुटबॉल म्हणतात. चुलत्यांनी तो सोडवायला मला स्वतःला विहिरीत उतरवलं.