घोट्यावरचा दिवा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की महाराष्ट्रात गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे साडेचार-पाचलाच पावलं वाजू लागतात. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळायचं असतं, वेळ कमी लागेल तसे गुण वाढतात. धड मैदान अनेक ठिकाणी नसतंच, मग सराव होतो डांबरी रस्त्यावर, बऱ्याचदा हमरस्त्याच्या कडेला. अंगात काळा टी-शर्ट, गडद ट्रॅक पँट, आणि रस्त्यावर दिवा नाही. या मुलामुलींसाठी अंगभूत दिवे असलेला कपडा कसा असावा, याचा विचार मला चैनीचा वाटत नाही.

आधी अंतराचा हिशोब मांडू. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे 17 मीटर पुढे सरकते. अंधारात अनपेक्षित काही दिसलं, ते माणूस आहे हे उमगलं आणि ब्रेकवर पाय पडला, यात दोन-अडीच सेकंद जातात, म्हणजे 40 मीटर. कोरड्या रस्त्यावर पुढे थांबायला आणखी वीसेक मीटर. ओल्या रस्त्यावर किंवा भरलेल्या ट्रकला त्याहून जास्त. तेव्हा धावणारा निदान 100 मीटरवरून दिसायला हवा. नुसता दिसून भागत नाही, ‘हा माणूस आहे’ हे कळायलाही हवं.

इथे बाजारातलं भडक पोपटी जाकीट दगा देतं. त्याचा रंग दिवसा झळकतो, कारण तो सूर्यप्रकाशातले अतिनील आणि निळे किरण शोषून ती ऊर्जा पोपटी उजेडाच्या रूपात बाहेर टाकतो. रात्री असे किरण पुरेसे नसतातच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी बंद रस्त्यावर रात्री सायकलस्वार ठेवून चालकांची परीक्षा घेतली. 2012 साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: काळ्या कपड्यातला सायकलस्वार फक्त 2 टक्के वेळा ओळखला गेला, फ्लोरोसंट जाकिटातला 15 टक्के, रेडियम पट्ट्यांच्या जाकिटातला 50 टक्के. त्याच जाकिटाच्या जोडीला गुडघ्यांवर आणि घोट्यांवर पट्ट्या बांधल्या, तेव्हा आकडा 90 टक्क्यांवर गेला.

दोन-चार पट्ट्यांनी एवढा फरक कसा पडला? याचं उत्तर स्वीडनमध्ये, उप्साला विद्यापीठात सापडतं. गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने माणसांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून त्यांना अंधारात चालायला लावलं. 1973 साली त्याने दाखवून दिलं, की चालणारा स्थिर उभा असला तर बघणाऱ्याला नुसते विखुरलेले ठिपके दिसतात, पण त्याने पाऊल उचललं की क्षणार्धात कळतं, माणूस चालतोय. आपला मेंदू माणसाची चाल ओळखण्यात इतका तरबेज आहे, की त्याला शरीराची आकृती लागतच नाही, दहा-बारा हलते ठिपके पुरतात. छातीवरची पट्टी जवळजवळ एकाच जागी राहते, ती दुभाजकावरचा रिफ्लेक्टर वाटू शकते. घोटा मात्र प्रत्येक पावलाला मागे उचलला जातो आणि खाली येतो. शिवाय मोटारीचा लो बीम खाली झुकलेला असतो, त्यामुळे लांबून त्याचा उजेड छातीआधी पायांवर पडतो.

मग पट्टी पुरे, दिवा कशाला? पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात, ते आलेला प्रकाश ज्या दिशेने आला तिकडेच परत पाठवतात. तो झोत हेडलाइटच्या आसपासच राहतो. ट्रकचालक हेडलाइटच्या बराच वर बसतो, म्हणून त्याच्या डोळ्यांपर्यंत त्यातला थोडाच पोचतो. दिवा न लावताच बोळातून येणाऱ्या दुचाकीला तर पट्टी काहीच सांगत नाही. आणि पट्टीच्या प्रकाशाला जाऊन परत यावं लागतं: ढोबळमानाने अंतर दुप्पट झालं की डोळ्यात शिरणारा प्रकाश सोळा पटींनी घटतो. स्वतःच्या दिव्याचा प्रकाश एकेरीच प्रवास करतो, तो चारच पटींनी घटतो. एक कँडेलाचा, म्हणजे साधारण एका मेणबत्तीइतक्या तेजाचा, छोटा एलईडी 100 मीटरवरून जवळपास शुक्राच्या चांदणीएवढा तेजस्वी दिसतो. समोरून दुसऱ्या गाडीचा झोत आला तर मात्र तो झाकोळू शकतो, म्हणून पट्टी आणि दिवा दोन्ही हवेत.

खरी कसोटी इथून पुढे, शिवणकामात. दिवा घोट्यावर हवा, पण पायाला जड काही बांधलं की धावणं महाग पडतं: प्रत्येक पायावर 100 ग्रॅम वाढले तर ऑक्सिजनचा खर्च सुमारे 1 टक्क्याने वाढतो. म्हणून बॅटरी कमरेला ठेवावीशी वाटते. मग वायर गुडघ्यावरून न्यावी लागते, आणि तिथलं कापड प्रत्येक पावलाला ताणलं जातं. साधी तांब्याची तार वाकून वाकून तुटते. तिला नागमोडी वळणं देऊन लवचीक पट्टीवर बसवता येतं, किंवा चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा वापरता येतो. या धाग्याचा रोध मीटरमागे 40 ओहम धरला, तर 10 मिलिअँपिअरला दर मीटरमागे 0.4 व्होल्ट वाटेतच जातात. त्यात घाम. खारट पाणी आणि बॅटरीचा एकदिश प्रवाह एकत्र आले की विद्युत अपघटन सुरू होतं आणि जोड गंजतात. म्हणून प्रत्येक जोड सिलिकॉन किंवा पॉलीयुरेथेनमध्ये बंद करावा लागतो.

माझं मत असं, की वायर गुडघ्यावरून नेऊच नये. दोन्ही घोट्यांच्या पट्ट्यांना आपापला बटण सेल द्यावा. सीआर2032 चं वजन सुमारे 3 ग्रॅम, व्होल्टेज 3. लाल एलईडीला दोनेक व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला जवळजवळ तीन लागतात, त्यामुळे या सेलवर लालच जास्त दिवस टिकतो. सेलची क्षमता सुमारे 220 मिलिअँपिअर-तास. 5 मिलिअँपिअर घेतले तर कागदावर 44 तास होतात. प्रत्यक्षात कमी मिळाले तरी रोज तासभर धरून महिना सहज निघावा. पट्टी वेल्क्रोने निघणारी असली की धुण्याचा प्रश्नही मिटतो. सावकाश लुकलुकणारा दिवा मात्र मी टाळेन: तो लक्ष वेधतो, पण विझलेल्या क्षणी पायाची हालचाल दिसत नाही आणि चालीची ओळख तुटते.

कपडा शिवून झाला की त्याची परीक्षा घालणाऱ्याने घेऊ नये. आपण चालकाला किती लांबून दिसतो, याचा पायी चालणाऱ्यांचा अंदाज बहुतेक वेळा फाजील निघतो, असं अनेक प्रयोगांत आढळलं आहे. सुरक्षित, रिकाम्या जागी गाडी उभी करावी, लो बीम लावावा, मित्राला 100 मीटरवर पळायला सांगावं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसून बघावं. जमलं तर ट्रकच्या केबिनमधूनही.